म्हातारपणीचे ‘नको’

घरातल्या लहान मुलाने दोन वेळा ताट दूर सारले, की सारे घर अस्वस्थ होते. त्याचे पोट चाचपले जाते, जीभ पाहिली जाते, दृष्टही काढली जाते (ही गोष्ट धर्मगुरूंपासून लपून राहत नाही), आणि संध्याकाळी डॉक्टरांकडे नंबर लागतो. त्याच घरातल्या आजीने महिना-दोन महिने चतकोर भाकरीवर काढले, तर मात्र पाहुण्यांपुढे तिचे कौतुक होते. ‘आमच्या आईचे काही मागणेच नसते हो! कपभर चहा, दोन बिस्किटे, की तिचे झाले.’ म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण, असे आपण उठता-बसता म्हणतो. ताटाशी आलो की ते आपल्याला आठवत नाही.

या लेखात मला एका लहानशा शब्दाचा विचार करावयाचा आहे. तो शब्द म्हणजे ‘नको’. वृद्ध माणूस जेवताना ‘नको’ म्हणतो तेव्हा तो त्याच्या इच्छेचा शब्द असतो, की दुखऱ्या दाढेचा? आणि आपण तो कुठवर मानावा? आईवडील ही आपली मुले नव्हेत. त्यांच्या तोंडात घास कोंबणे हा त्यांचा अपमानच होय. परमेश्वराने माणसाला बुद्धी आणि इच्छास्वातंत्र्य दिले, आणि सत्तरी उलटली म्हणून ते दान परत घेतले नाही. त्यामुळे ‘तिलाच नको आहे, आम्ही काय करणार?’ हे उत्तर वरवर पाहता मोठे आदराचे वाटते. परंतु नीतिशास्त्राच्या वर्गात सेमिनरीत आम्हांला एक भेद शिकवला जात असे : ज्या कृतीमागे पुरेशी जाण आणि मोकळी संमती नाही, ती पूर्ण अर्थाने मानवी कृती नव्हे. हा भेद आपण कबुलीजबाबाच्या वेळी, पाप किती मोठे हे ठरवताना, अगदी बारकाईने लावतो. आईच्या ‘नको’ला तो लावून पाहावा, असे सहसा कोणाला सुचत नाही.

‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत,’ ही म्हण आपण नशिबाविषयी वापरतो. ती अक्षरशः घेतली तर वृद्धांच्या आहाराचे अर्धे शास्त्र तिच्यात सापडेल. दात हलू लागले की ताटातून पहिल्यांदा शेंगदाणे, काकडी, पेरू जातात, मग मटण जाते, मग भाकरी. उरतो तो चहात बुडवलेला पाव आणि मऊ भात. पोट भरते, पण प्रथिने फारशी मिळत नाहीत. म्हाताऱ्या माणसाला ती लागतातच कशाला, असा आपला समज. वस्तुस्थिती उलट आहे. स्नायू टिकवायचे तर वृद्धांनी वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर अर्थातच डॉक्टरांना विचारून. पन्नास किलो वजनाच्या आजीला म्हणजे ५० ते ६० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. चहा-बिस्किटांनी हा हिशेब कसा जुळावा?

तो जुळत नाही, आणि स्नायू झिजू लागतात. २००१ साली लिंडा फ्रीड या अमेरिकन संशोधिकेने व त्यांच्या सहकाऱ्यांनी वार्धक्यातील क्षीणतेची पाच लक्षणे मांडली : प्रयत्न न करता घटलेले वजन, सततचा थकवा, हाताची सैल झालेली पकड, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. पाचांपैकी तीन आढळली, तर त्याला केवळ ‘वय झाले’ म्हणून सोडता येत नाही. घरी वजनकाटा नसला तरी चालेल. बांगडी कोपराकडे सरकते, लग्नाच्या अंगठीला दोरा गुंडाळावा लागतो. ज्याला पाहायचे आहे त्याला दिसते. पुढे एखाद्या दिवशी न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि माणूस अंथरूण धरतो. अंथरुणावरच्या माणसाचे अंग आपण पुसतो, तोंड मात्र कोणी धूत नाही. तिथले जंतू लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरतात आणि न्यूमोनिया होतो. जपानमधील वृद्धाश्रमांत झालेला एक अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांची तोंडे नियमाने स्वच्छ केली गेली त्या वृद्धांत न्यूमोनियाचे प्रमाण कमी असल्याचे त्यात आढळले. ऐंशीव्या वर्षी वीस दात टिकावेत म्हणून त्याच देशाने १९८९ साली मोहीम सुरू केली. आपल्याकडे मिश्रीने दात ‘घट्ट’ करणाऱ्या आज्या अजून आहेत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. ती दात घट्ट करीत नाही, हिरड्या खाते, आणि तोंडाच्या कर्करोगालाही दार उघडून देते.

उपदेशकाच्या ग्रंथातील बाराव्या अध्यायात वार्धक्याचे रूपकात्मक वर्णन आहे. त्यात एका घराचे चित्र येते. त्या घरातल्या दळणाऱ्या स्त्रिया थोड्या उरतात आणि त्यांचे काम थांबते. या दळणाऱ्या म्हणजे दात, असा अर्थ भाष्यकारांनी लावला आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. दळणारी थकली म्हणून घर उपाशी राहत नाही. दुसरे कोणीतरी जात्यावर बसते. पूर्वी आपल्या घरांतून हे सहज घडे. बोळक्या तोंडाच्या आजोबांसाठी पितळेचा छोटा खलबत्ता असे आणि नातवंडे त्यात त्यांचे पान-सुपारी कुटून देत. सुपारीचे समर्थन मी करणार नाही; पण दात नसण्याची त्या घराला लाज वाटत नव्हती. म्हणीतले चणेही दळून त्यांचे पीठ करता येते. शेंगदाण्याचे कूट, मूगडाळीचे घट्ट वरण, दहीभात, कुस्करलेले अंडे, ओल्या बोंबलाचे कालवण, सुकटीची पूड, यांपैकी कशालाही दात लागत नाहीत. लागतो तो दुसऱ्या कोणाचा तरी वेळ.

आणि आपल्या भागात नेमका तोच दुर्मीळ. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. मुलगा आणि सून सकाळची गाडी पकडतात, रात्री परततात. वसईहून, कोकणातून किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यातून आणलेली आई दिवसभर चौथ्या मजल्यावर एकटी असते. सुनेने पहाटे उठून केलेला स्वयंपाक ओट्यावर झाकून ठेवलेला असतो. सुनेला दोष देण्याचे कारण नाही. ती बिचारी स्वतः गाडीतच दोन घास खाते. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत तीस-पस्तीस वर्षे दहाजणांत डबा उघडून जेवलेला माणूस निवृत्तीनंतर, आणि विशेषतः पत्नी गेल्यानंतर, टीव्हीपुढे एकटा बसून चार घास कसेबसे गिळतो. उल्हासनगर तर निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले शहर. १९४९ साली त्याला हे नाव मिळाले. फाळणीनंतर आईच्या कडेवर बसून आलेली आणि लष्करी बराकींत वाढलेली आपल्या सिंधी शेजाऱ्यांची ती पिढी आज ऐंशीच्या आसपास आहे. त्यांची मुलेही दुबईला किंवा दुकानावर. धर्म वेगळा असला तरी दुपारी एकचे ताट सर्वांचे सारखेच. २००७ च्या कायद्याने आईवडिलांचा निर्वाह मुलांवर बंधनकारक केला आणि निर्वाहात अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार यांचा समावेश केला. ओट्यावरच्या झाकलेल्या ताटाने त्यातला अन्नाचा भाग पूर्ण होतो. चौथी आज्ञा पूर्ण होते काय?

दंतवैद्य सोडला, तर वृद्धांची तोंडे नियमाने पाहणारा माणूस बहुधा धर्मगुरूच असावा. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना कम्युनियन देताना ती दिसतात. जीभ इतकी कोरडी, की ख्रिस्तशरीर टाळूला चिकटते आणि चमचाभर पाणी मागावे लागते. जिभेवर पांढरा थर, हिरडीवर कवळीने पडलेला व्रण, आणि कवळी मात्र कपाटात रुमालात बांधून ठेवलेली. दहा मिनिटे बसले की उलगडा होतो. दात काढल्यावर जबड्याचे हाड झिजत जाते, कवळी सैल होते, जेवताना सुटते आणि नातवंडे हसतात. म्हणून चारचौघांत जेवण नको. तोंडाचा कोरडेपणा पुष्कळदा वयाचा नसून रोजच्या गोळ्यांचा असतो, पण हे डॉक्टरांना विचारायचे असते याची तिला कल्पना नसते. आणि रात्री उठावे लागेल, सुनेची झोप मोडेल, म्हणून संध्याकाळनंतर पाणीही नको. एका ‘नको’त इतके काही दडलेले असते. त्यातले किती तिच्या मोकळ्या इच्छेचे?

येथे एक कठीण गोष्ट बोलली पाहिजे. आपल्या कुटुंबांत पंचाहत्तरीतल्या आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होते, क्वचित गुडघ्याचीही होते. पण नव्या कवळीचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतेच, ‘आता किती दिवस राहिलेत? कशाला तो खर्च?’ असे का व्हावे? माझा तर्क कटू आहे. डोळे आणि गुडघे चालले तर ती नातवंडाला शाळेत सोडू शकते. दात केवळ तिच्या स्वतःच्या कामाचे. ज्या घरात पहिल्या कम्युनियनच्या जेवणावळीला दोनशे पाने होतात, त्या घराला कवळी परवडत नाही हे मला पटत नाही. जिथे खरोखरच परवडत नाही, तिथे तो खर्च धर्मग्रामाने उचलावा.

भक्तीचीही कधी कधी येथे आडकाठी होते. ‘आईचा उपवास असतो, फादर,’ हे मला अभिमानाने सांगितले जाते. ख्रिस्तसभेचा कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा समंजस आहे. प्रायश्चित्तकाळातील उपवासाचे बंधन साठावे वर्ष लागताच संपते. कम्युनियनपूर्वीचा तासाभराचा उपवासही वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना लागू नाही. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते अन्नाचा त्याग विवेकाच्या अधीन असेल तरच तो सद्गुण ठरतो. आईवडिलांविषयीच्या कर्तव्याची चर्चा करताना ते आदराबरोबर, पालक आजारी असतील तर त्यांना भेटणे आणि गरजू असतील तर त्यांना पोसणे, याही गोष्टी सांगतात. संत मार्कच्या सातव्या अध्यायात, आईवडिलांना द्यावयाचे ते देवाला वाहिले असे म्हणून हात झटकणाऱ्यांना प्रभू येशूने किती कठोर शब्दांत फटकारले, ते पुन्हा वाचावे.

म्हणून का प्रत्येक ‘नको’ खोडून काढायचे? नाही. जीवनाच्या अखेरच्या दिवसांत भूक खरोखरच मावळते. तेव्हा बळेच भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. ओठ ओले करणे, जवळ बसणे एवढेच योग्य असते. विस्मरणाचा आजार जडलेला माणूस घास गालात धरून बसतो, त्याला घाई करता येत नाही. अन्नपाणी देणे हे कर्तव्य आहे, पण ते आपले प्रयोजन साधत असते तोवर, असे श्रद्धा-सिद्धान्त मंडळाने २००७ साली स्पष्ट केले आहे. ज्याला घन पदार्थ गिळताच येत नाही त्याला केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद देण्याची मुभा ख्रिस्तसभेने ठेवली आहे, आणि मी तो थेंबाथेंबाने दिला आहे. ते शेवटचे ‘नको’ आणि दोन वर्षांपूर्वीचे दाढदुखीचे ‘नको’ कानाला सारखेच ऐकू येतात. तोंडात डोकावल्याशिवाय, मऊ शिजवून समोर ठेवल्याशिवाय आणि शेजारी बसून जेवल्याशिवाय ते वेगळे ओळखता येत नाहीत.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली सुरू केलेला आजी-आजोबांचा दिवस जुलैच्या चौथ्या रविवारी येतो. आपण त्या दिवशी ज्येष्ठांना शाल आणि श्रीफळ देतो. दात नसलेल्या माणसाच्या हाती अख्खा नारळ! यंदा त्याऐवजी काय करावे, याची चर्चा आमच्या धर्मग्रामात चालू आहे. दंतवैद्याला हॉलमध्ये बोलावून सर्वांची तपासणी करावी, असे एकाने सुचवले. फुटाण्याच्या पिठाची पुडी द्यावी, असे दुसऱ्याने. कोपऱ्यात बसलेले एक आजोबा म्हणाले, नारळ राहू द्या फादर, पण खवून द्या.