आधी बिल वाच

वीज टाटांची घेऊ की अदानींची, एवढंच विचारायला तू फोन केलास. गेल्या महिन्यात किती युनिट झाले, असं मी विचारलं तर तू गप्प. मे महिन्यात किती झाले होते? तेही माहीत नाही. बिलावर वहन आकार किती लागतो? "बाई, बिल माझ्याकडे येतच नाही. मालक व्हॉट्सअ‍ॅपवर रक्कम टाकतात, मी जीपे करतो."

अरे, लाज वाटायला हवी. दोघं नोकरी करता, संध्याकाळी मोबाइलवर दहा दुकानांचे भाव बघून चपला मागवता, आणि दर महिन्याला हजारो रुपये कशाचे भरता ते एकदाही बघितलं नाही? न बघितलेल्या बिलाची कंपनी बदलायला निघालास तू. कशावरून, तर लिफ्टमध्ये कुणीतरी म्हणालं, "आम्ही बदललं, फरक पडला." त्यांच्याकडे एसी किती, माणसं किती, ते दिवसभर घरी असतात की नाही, हे विचारलंस? नववीत तुला मी गणित शिकवलं, ते परीक्षेपुरतं नव्हतं.

पहिली गोष्ट ऐक. मुंबईच्या उपनगरात राहतोस म्हणून तुला हा प्रश्न पडू शकतो. पुण्यातल्या किंवा नाशिकमधल्या तुझ्या भावंडांना तो पडत नाही, तिथे घरात महावितरण सोडून दुसरी वीज येत नाही. इथे बांद्र्यापासून दहिसरपर्यंत आणि कुर्ला-चेंबूरच्या बाजूला एकाच भागात दोन कंपन्यांना परवाना आहे. तोही सहज मिळालेला नाही. टाटांनी घरोघरच्या ग्राहकाला वीज विकायची की नाही, यावर वर्षानुवर्षं वाद चालला आणि ८ जुलै २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टाटांच्या बाजूने निकाल दिला. ऑक्टोबर २००९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने दुसऱ्या कंपनीच्या वायरमधून वीज पुरवायची वाट मोकळी केली, तेव्हा कुठे सामान्य माणसाला खरी निवड मिळाली. त्या वेळी उपनगरात रिलायन्स होती, तिच्या आधी बीएसईएस, आणि २०१८ पासून अदानी. तेव्हा लोकांनी बिलं समोर ठेवून, कागदावर हिशेब मांडून अर्ज भरले. पुढे दर बदलले, अधिभार बदलले, तेव्हा काहींनी पुन्हा हिशेब केला आणि परत फिरले. त्यांना कुणी चंचल म्हटलं नाही. ते आपलं बिल वाचत होते, एवढंच.

आणि तू मला विचारतोस, चांगली कंपनी कुठली? हा प्रश्नच चुकीचा आहे. दर कंपनी मनाला येईल तसा लावत नाही, आयोग ठरवून देतो, आणि आयोगाचा आदेश बदलला की कालची स्वस्त कंपनी आज महाग होऊ शकते. तुझ्या घरात किती युनिट जळतात, त्यावर तुझं उत्तर ठरतं.

आता हिशेब. हे आकडे मी समजावण्यापुरते घेते आहे, खरे दर म्हणून कुठे सांगत सुटू नकोस. समज, पहिल्या कंपनीचा दर शंभर युनिटपर्यंत ५ रुपये, १०१ ते ३०० ला ९ रुपये आणि त्यावर १२. दुसरीचा ६, ८ आणि १३. तुझे १८० युनिट झाले तर पहिलीकडे १२२० रुपये होतात, दुसरीकडे १२४०. पहिली स्वस्त. २८० झाले तर पहिलीकडे २१२० आणि दुसरीकडे २०४०. आता दुसरी स्वस्त. एसी सुरू झाला, ४२० झाले, तर पहिलीकडे ३७४० आणि दुसरीकडे ३७६०. पुन्हा पहिली. एकाच घरात, एकाच वर्षात उत्तर दोनदा फिरलं. म्हणून एका महिन्याचं बिल घेऊन निर्णय करायचा नसतो. बारा महिन्यांचे युनिट एका कागदावर उतरव, प्रत्येक महिना दोन्ही दरपत्रकांतून काढ आणि शेवटी वर्षाची बेरीज बघ. त्यात तास-दीड तास जाईल. तेवढा वेळ नसेल तर कंपनी बदलायची चर्चाही करू नकोस.

तू फोनवर म्हणालास, "तीनशेच्या वर गेलं की सगळे युनिट वरच्या दराने लागतात ना?" नाही. शंभर युनिट पहिल्याच दराने लागतात, पुढचे दोनशे दुसऱ्या दराने, आणि तीनशेच्या वरचे तेवढेच वरच्या दराने. ही पायरीची गणितं तू फळ्यावर सोडवली आहेस. हे इतकं साधं चुकलं असेल तर तुझ्या बाकीच्या समजुतींवर मी का विश्वास ठेवू?

बिल मागव. ग्राहक क्रमांक मालकाकडून घे, बिल ऑनलाइन बघता येतं. मग नुसती पहिल्या पानावरची मोठी रक्कम बघून मिटवू नकोस, मागचं पान उघड. तिथे स्थिर आकार असतो, घर महिनाभर बंद असलं तरी लागणारा. वीज आकार असतो, म्हणजे वापरलेल्या युनिटचे पैसे. वहन आकार असतो, तो वायरचा. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक हलतो, म्हणून एका महिन्याची तुलना फसवी ठरते. या आकारांवर १६ टक्के वीज शुल्क, ते सरकारचं, कंपनी कुठलीही असो. जाहिरातीत किंवा लिफ्टमध्ये जो दर सांगतात, तो बहुतेक वेळा यातल्या एकाच ओळीचा असतो. दुसरी कंपनी पहिलीच्याच वायरमधून वीज देत असेल, तर वहन आकार वायरवाल्याला जातो आणि आयोगाने ठरवलेला अधिभारही बिलात येऊ शकतो. तो धरला नाहीस तर तुझी बेरीज खोटी. आणि वायर तीच राहिली तर पावसाळ्यात केबल जळून लाइट गेल्यावर दुरुस्तीही त्या वायरवाल्याचीच. कंपनी बदलली की लाइट जायची थांबेल, अशी आशा धरून बसू नकोस.

आता मीटर. तुझा मीटर जिन्याखालच्या केबिनमध्ये आहे ना? कधी उतरून बघितलास? रविवारी सकाळी जा. मीटरवरचा क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळतो का ते आधी बघ, कारण जुन्या इमारतींत शेजाऱ्याच्या मीटरचं बिल भरणारी माणसं असतात. मग बायकोला फोन करून घरातलं एकूण एक बटण बंद करायला सांग, फ्रिज आणि राउटरसकट. मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकत असतो, तो थांबला पाहिजे. नाही थांबला, तर तुझ्या मीटरवर दुसरं काहीतरी चाललंय: पॅसेजचा दिवा, मालकाची बंद खोली, कुणाची तरी टाकीची मोटर. मीटरवर ३२०० असा आकडा छापलेला असेल तर तो ठिपका ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट होतं. रात्री एसी चालू करून तोच ठिपका परत बघ. तुझे पैसे कुठे जातात ते तुला तिथे दिसेल.

कारण तुझं खरं दुखणं तिथे आहे, कंपनीत नाही. मालकाने लावलेला तो दीड टनाचा जुना एसी कॉम्प्रेसर चालू असताना तासाला साधारण दीड युनिट खातो. रात्री आठ तास, कॉम्प्रेसर थांबत-चालत धरला तरी आठेक युनिट. महिन्याला २४० झाले. बाकीच्या वापरात ते मिळवले की तू तीनशेच्या पलीकडे जातोस. दोन हजार वॅटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट घेतो, आणि तुमच्याकडे तो सकाळी लावून विसरतात, हे तूच बोलता बोलता सांगितलंस. विसरतात म्हणजे काय? पैसे भरणारे तुम्हीच ना? घरात तीन पंखे आहेत. जुन्या पद्धतीचा पंखा ७५ वॅटचा, नवा बीएलडीसी साधारण २८ वॅटचा. तीन पंखे रोज बारा तास फिरले तर महिन्याला ८१ युनिट होतात, नव्यांत ३०. पन्नास युनिट वाचले, तेही सगळ्यात महागड्या पायरीवरचे. आणि पंखा तुझा आहे, घर सोडताना काढून घेऊन जा, जुना परत टांग. भाडेकरूने पैसे घालायचे तर अशा वस्तूत घालावेत. एसीबद्दल मालकाशी बोल, सर्व्हिसिंग कोण करणार ते ठरव. एसीवर पाच तारे दिसतात म्हणून समाधान मानू नकोस. ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होतात, तेव्हाचे पाच तारे आजचे पाच नव्हेत, म्हणून लेबलवरचं साल बघ.

मालकाचं नाव काढलं की तू दबकतोस. "ते चिडतील, घर सोडायला सांगतील." बिल बघायला मागितलं म्हणून कुणी चिडत असेल तर त्या माणसाशी तुझं आधीच काहीतरी बिनसलेलं आहे. अकरा महिन्यांच्या करारावर सही करताना वीजबिलाचं कलम वाचलंस का? त्यात "वीजबिल भाडेकरू भरेल" एवढंच लिहिलंय, कुठल्या रीडिंगपासून ते नाही. घरात शिरलास त्या दिवशी मीटरचा फोटो काढला नाहीस. म्हणजे आधीच्या भाडेकरूचे युनिट तुझ्या पहिल्या बिलात आले की नाही, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. शिकलेल्या माणसाचा हा निष्काळजीपणा मला सहन होत नाही. तुझ्या वर्गात धुणीभांडी करणाऱ्या आईचा मुलगा होता. ती माउली खोलीचं लाइट बिल हातात घेऊन युनिट मोजायची, कारण तिला मोजल्याशिवाय परवडत नव्हतं. तुला परवडतं म्हणून तू मोजत नाहीस.

हक्काचंही सांगते, अर्धवट ऐकून भांडायला जाऊ नकोस. २००३ च्या वीज कायद्याच्या ४३ व्या कलमात वीज मागण्याचा हक्क मालकाला आहे तसाच जागेत राहणाऱ्यालाही आहे. पण तुझ्या घरातली जोडणी मालकाच्या नावावर आहे, सुरक्षा ठेव त्याची आहे, आणि जुनी थकबाकी असेल तर कंपनी बदलायचा अर्ज पुढे सरकत नाही. त्यामुळे त्याच्या संमतीपत्राशिवाय तुझं काम अडेल. कायदा दाखवून ते मिळत नाही, हिशेब दाखवून मिळतं. तुमच्याच इमारतीत हॉलचे दोन भाग करून पोटमीटरवर मुलं ठेवली आहेत, त्यांच्यापुढे तर कंपनी बदलायचा प्रश्नच नाही. त्यांनी मूळ बिल मागावं आणि मालक कुठल्या दराने पैसे घेतो ते ताडून बघावं. त्यांना हे सांगायचं काम तुझं, तू त्यांच्यापेक्षा मोठा आहेस.

बारा महिन्यांची बेरीज झाली की करार किती उरलाय ते बघ. चार महिन्यांत घर सोडणार असशील आणि वर्षाला हजार-बाराशे वाचणार असतील तर हा खटाटोप करू नकोस, पंखे बदल आणि गप्प बस. करार वाढवणार असशील आणि फरक खरोखर मोठा निघाला, तर मालकाला लेखी कळव. बारा महिन्यांचे युनिट, दोन्हीकडची वर्षाची रक्कम आणि थकबाकी नसल्याचं ताजं बिल सोबत जोड. नव्या कंपनीकडे ठेव भरावी लागली तर ती कोण भरणार आणि घर सोडताना कुणाला परत मिळणार, हे त्यातच लिही. बदलाच्या दिवशी जुन्या मीटरच्या शेवटच्या रीडिंगचा तारखेसकट फोटो काढून मालकालाही पाठव. आणि करार नवा होईल तेव्हा दरमहा बिलाची प्रत मिळेल, हे कलम घालून घेतल्याशिवाय सही करू नकोस.