ध्रुपद कोण धरणार?

मंडळी सोडून एकट्यानं गाणं म्हणजे अहंकार, असं आमच्या तिसगावात कुणीही पटकन म्हणून टाकतं. माझ्या पुतण्याबद्दलही तेच बोललं गेलं. तिघा मित्रांचा रॅपचा गट होता. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या रॅप गटानं त्यांना वेड लावलं होतं. आरेच्या जंगलासाठी ‘स्वदेशी’नं केलेल्या ‘वारली रिव्होल्ट’ या गाण्यात प्रकाश भोईर या वारली कलावंताचा आवाज आहे, तो ऐकून मीही हललो होतो. आता पुतण्या गटातून बाहेर पडलाय आणि एकट्याच्या नावावर अल्बम करतोय. मी कीर्तनातला टाळकरी, दुसऱ्याच्या मागं उभं राहण्यात जन्म गेलेला. त्यामुळे हा आरोप मला असाच सोडून देता येत नाही.

त्याचा विचार करताना मला नाथांची एक कथा आठवते. मढी इथून जवळ. तिथल्या कानिफनाथांच्या यात्रेचे दिवस आम्हाला सणासारखे, आणि श्रावणात घरोघरी ‘नवनाथ भक्तिसारा’चे चाळीस अध्याय वाचले जातात. त्यात कानिफनाथ सातशे शिष्य घेऊन फिरतात, गोरक्षनाथ एकटे. दोघांची गाठ पडते तेव्हा आंब्यांवरून चढाओढ लागते. कानिफ मंत्रानं आंबे उतरवतात, सगळे पोटभर खातात. गोरक्षही उतरवतात, आणि उरलेली फळं परत देठाला जोडून दाखवतात. कानिफांना ते जमत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, एकटा जिंकला. पण पोथी तिथं थांबत नाही. त्याच भांडणात, एकमेकांना टोमणे मारता मारता, दोघांना आपापल्या गुरूचा पत्ता लागतो. कानिफांचे जालंदरनाथ खड्ड्यात पुरलेले, गोरक्षांचे मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात रमलेले. सातशेंचा धनी असो की एकटा, आपला गुरू कुठं आहे हे समोरच्याच्या तोंडूनच कळलं. त्या कथेत मला सगळ्यात खोल वाटतं ते हे.

पुतण्यानं खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगल्यात, आवाज घुमू नये म्हणून. तिथं बसून मी त्याचं रेकॉर्डिंग पाहिलं. कीर्तनात बुवा चरण म्हणून थांबतात, आम्ही ध्रुपद धरतो, तेवढ्यात बुवा दम घेतात, पुढचं प्रमाण आठवतात. रॅपमध्येही तेच चालतं. ओळीचा शेवटचा शब्द जोडीदार उचलतो आणि म्हणणाऱ्याला श्वास मिळतो. आता तो शब्दही पुतण्या स्वतःच पुन्हा म्हणतो आणि मागं लावतो. वर मध्ये राहिलेला श्वास कॉम्प्युटरवर कापून टाकतो. ते पाहून मला खरंच वाईट वाटलं. नाथांनी श्वासालाच जप मानलं, अजपा म्हटलं. ज्याला कधी दमच लागत नाही असा आवाज कुणाचा?

तरी बाहेर पडणं हाच दोष, हे मला मान्य नाही. अमेरिकेतल्या लॉरिन हिलनं फ्यूजीज या तिघांच्या गटानंतर १९९८ साली एकटीचा अल्बम केला. त्यात आपल्या लेकरासाठी तिनं एक गाणं गायलंय. आईपणाचं ते गाणं तिघांच्या वाटणीत मावलं असतं असं मला वाटत नाही. पुढच्या वर्षी ग्रॅमीत वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान तिला मिळाला, हिप-हॉपला पहिल्यांदाच. पण त्याच अल्बमवर राबलेल्या चौघा संगीतकारांनी श्रेयासाठी दावा लावला आणि २००१ साली तडजोड झाली. खरं-खोटं त्यांचं त्यांना माहीत. माझा प्रश्न एवढाच, की एकट्याच्या नावाखाली किती जणांचे हात असतात.

आमच्या संतांनीही अभंगाच्या शेवटी आपलं नाव घातलंच की. त्याला कुणी गर्व म्हणत नाही. तुकोबांच्या नावाबरोबर संताजी जगनाडे यांच्यासह चौदा टाळकऱ्यांचं नाव परंपरेनं सांभाळलं. ‘मी’ म्हणण्यात पाप नाही. त्या ‘मी’च्या मागं उभे असलेले पुसून टाकले, की अहंकार सुरू होतो.

अल्बममधल्या एका गाण्याची चाल जुन्या जोडीदारानं बसवलेली आहे. त्याचं नाव घाल, असं मी सांगितलं.

“तात्या, तो माझ्याशी बोलतसुद्धा नाही.”

“बोलत नसला तरी चाल त्याचीच आहे.”

तो गप्प बसला. त्याचं अजून ठरत नाहीये. अल्बम बाहेर काढायच्या आधी मी त्याला त्या पोराच्या घरी घेऊन जाणार आहे. आणि ते गाणं तरी श्वास न कापता राहू दे, एवढं मागून ठेवलंय.