कोणाच्या वहीत कोणाचे नाव?

माणसाचे नाव कागदावर उतरते ते कोणासाठी? घराण्याचा कुलवृत्तांत चाळताना हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. म्हणून आम्ही तो वाचकांपुढे मांडीत आहोत.

वाशीच्या एपीएमसी मार्केटातील दाणाबाजार घ्या. व्यापाऱ्याच्या वहीत पोती, वजन, भाव व मालाचा धनी यांची नोंद होते. ती पोती पाठीवर वाहणाऱ्याचे नाव माथाडी मंडळाच्या दप्तरी निराळे असते. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीमुळे १९६९ साली माथाडी कायदा झाला. तेव्हापासून हे नाव त्याच्याच मजुरीसाठी व भविष्यनिर्वाह निधीसाठी लिहिले जाऊ लागले. माल एका वहीत व माणूस दुसरीत, हा भेद आज आपणांस सहज वाटतो. परंतु माणूसच मालाच्या वहीत असे, तो काळ फार दूरचा नव्हे.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांची १८५० व १८६० च्या खानेसुमारीत धन्याच्या नावाखाली गणती झाली. वय, लिंग व रंग नोंदले गेले. नावे बहुधा गाळली गेली. मुक्तीनंतर १८७० साली त्यांची नावे प्रथमच इतर नागरिकांप्रमाणे लिहिली गेली. त्यामागचा पूर्वज शोधणाऱ्यास धन्याचा जमाखर्च व मृत्युपत्रे धुंडाळावी लागतात. ज्याने पणजीस विकत घेतले, त्याच्याच कागदांत तिचे नाव सापडावे, हा केवढा दैवदुर्विलास!

हे वाचून हळहळणाऱ्या आपल्या समाजाने स्वतःचीही दप्तरे उघडावीत. पेशवाईत कुणबिणी व बटकी यांची खरेदीविक्री होत असे. व्यभिचाराच्या आरोपावरूनही स्त्रियांस कुणबीण केले जाई. १८४३ च्या कायद्याने न्यायालयांनी गुलामावरील मालकी हक्क मानणे थांबविले. त्या स्त्रियांच्या वंशजांनी आपले मूळ कोठे शोधावे? पुण्याच्या पेशवे दप्तरात, आणि आपल्या माळ्यांवरील रुमालांत.

यावर कोणी म्हणेल, पणजोबांच्या पापाचे प्रायश्चित्त आम्ही का घ्यावे? ते कोणी मागत नाही. परंतु त्यांच्या सनदा, वाडे व कीर्ती यांचा वारसा जो अभिमानाने सांगतो, त्यास जमाखर्चातील कुणबिणीचे पान फाडून टाकण्याचा अधिकार नाही. दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे: असे मूळ उघड झाल्यास आजच्या एखाद्या कुटुंबास समाज हिणवील. म्हणून जुने नाव छापावे, त्यास हयात कुटुंब जोडू नये. शोध घ्यावा की न घ्यावा, हे ठरविणे सर्वस्वी त्या वंशजांकडे असावे.

कुलवृत्तांताची पुढील आवृत्ती निघेल तेव्हा पुरुषांच्या वंशावळीनंतर एक पान या स्त्रियांसाठी राखावे. जे नाव केवळ धन्याच्या हिशेबासाठी लिहिले गेले, ते तिच्या नातवंडा-पतवंडांस वाचता यावे, एवढे करणे आपल्या हाती आहे.