भयाचा रस आणि भयाचे विष

मनुष्य भयापासून दूर पळतो आणि तेच भय पैसे मोजून विकतही घेतो, ही त्याच्या स्वभावातील फार जुनी विसंगती आहे. पडकी हवेली, कुरकुरणारा दरवाजा, विझू पाहणारा कंदील आणि दुरून येणारा एखादा स्त्रीकंठ एवढी सामग्री जमली की भुताच्या बोलपटाला प्रेक्षकांची वाण पडत नसे. हे सुख निर्दोष आहे काय, या प्रश्नाचा विचार आज आम्ही करू इच्छितो.

ज्या बोलपटांची आठवण अनेक घरांत अजून निघते, ते आधी पाहू. १९४९ सालचा ‘महल’, १९६२ चा ‘बीस साल बाद’ आणि १९६४ चा ‘वह कौन थी?’ या तिहींत एक साम्य आहे. शेवटी भूत नाहीसे होते आणि माणूस उरतो. ‘महल’मधील छाया ही माळ्याची मुलगी निघते, ‘वह कौन थी?’मधील गूढ हे वारशाच्या लोभाने रचलेले कारस्थान ठरते. १९५८ च्या ‘मधुमती’तील आत्मा खरा खरा, परंतु तोही येतो तो न्याय मागण्यासाठी. प्रेक्षक घाबरून आत बसे आणि कारण समजून बाहेर पडे.

पण कारण समजले की मौज सरते, असे काहींना वाटते. तसे नाही, हे पाहावयाचे असेल तर हैदराबादेस जावे. सालारजंग संग्रहालयातील जुन्या घड्याळात दर तासाला एक चिमुकला पुतळा बाहेर येतो, टोले देतो आणि परत आत जातो. आत चाके आहेत हे समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरी लहानथोर श्वास रोखून त्याची वाट पाहतात. गोवळकोंड्याच्या फतेह दरवाजाच्या घुमटाखाली वाजविलेली टाळी सुमारे एक किलोमीटर दूर, टेकडीवरील बालाहिसारात ऐकू येते. अजाण वाटसरूला ती पिशाचलीला वाटेल. जाणत्याला त्यात बांधणाऱ्याची बुद्धी दिसते, आणि कौतुक दोघांपैकी जाणत्यालाच अधिक वाटते.

याच शहरात १९६७ साली इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया हा सरकारी उद्योग निघाला. त्याचे ‘ईसी’ दूरचित्रवाणी संच पुढे घरोघर पोहोचले. तो जुना संच आठवा. चित्र हळूहळू उजळे. संच बंद केला की ते आकसून मध्ये प्रकाशाचा एक ठिपका उरे, आणि तो विझेपर्यंत मुले पाहत राहत. कधीकधी प्रत्येक आकृतीशेजारी तिचीच एक फिकट छाया उभी राही. टेकडीवर किंवा इमारतीवर आपटून आलेली लहर जरा उशिरा पोहोचली की असे घडते. तंत्रज्ञांनी या छायेला नाव दिले होते ‘भूत’च. मग घरातील कोणी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवी, खालून “आता बरे आहे” अशी हाक येई, आणि भूत जाई. भुते घालविण्याचा याहून सात्त्विक मार्ग आम्हांस माहीत नाही.

शहराबाहेर १९९६ साली उभी राहिलेली रामोजी चित्रनगरी सोळाशेहून अधिक एकरांवर पसरली आहे. अशा नगरीतील कित्येक वाड्यांना दर्शनी भिंत असते आणि मागे खोलीच नसते. तरी या नगरीविषयीही भुतांच्या कथा सांगितल्या जातात! जेथे कोणी कधी राहिलेच नाही, तेथे मरणोत्तर राहावयास कोण येणार? पण मनाला जागा रिकामी ठेवणे आवडत नाही.

आपल्या शास्त्रकारांनी या मनाची परीक्षा फार पूर्वी केली आहे. भरताने भयानकाला रसांत स्थान दिले. अभिनवगुप्ताने त्याचा विचार करताना दुष्यंताच्या बाणापुढे धावणाऱ्या शाकुंतलातील हरिणाचे उदाहरण घेतले. प्रेक्षकाला होणारी भीती त्या हरिणापुरती नसते, तशी स्वतःपुरतीही नसते. ती स्थळकाळापासून सुटलेली, कोणाच्याही मालकीची नसलेली भीती असते. म्हणूनच ती आस्वाद्य होते. देवळाच्या जत्रेत दशावतार पाहिलेल्यांना हे वेगळे सांगावयास नको. संकासुर पाहून मूल आईच्या कुशीत तोंड लपविते. पण सकाळी तोच नट रंग पुसून चहा पिताना दिसला, तर कोणी त्याच्यावर दगड उचलीत नाही.

हेच भय निराधार न राहता एखाद्याच्या नावावर चढविले गेले, की त्याचे विष होते. तेलंगणात आणि मराठवाड्यात भानामतीची समजूत जुनी आहे. १९५६ पर्यंत हे दोन्ही प्रदेश हैदराबाद राज्यातच नांदत होते, आणि भाषा बदलली तरी ही भीती बदलली नाही. गुरे मेली, मूल आजारले, अंगावर ओरखडे उठले, की कोणाकडे तरी बोट दाखविले जाई. बहुधा गरिबाकडे, पुष्कळदा एकट्या बाईकडे. मंत्र म्हणता येऊ नये म्हणून संशयिताचे दात पाडल्याच्या आणि जीव घेतल्याच्या घटना या भूमीने पाहिल्या आहेत. अशा समजुतींविरुद्ध आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली; त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला.

याचा दोष बोलपटांवर टाकावा काय? ही समजूत बोलपटांहून पुरातन आहे, तेव्हा सर्व दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तथापि १९८४ च्या ‘पुराना मंदिर’सारख्या चित्रांत सैतान आणि त्याचा शाप खराच ठरला, शेवटी कारण उलगडण्याची जुनी रीत मागे पडली. अशी चित्रे पाहूच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. ज्या घरात ती पाहिली जातात, त्या घरात तो उलगडा वडीलधाऱ्यांनी करावा, एवढेच आम्ही म्हणतो.

तेव्हा निर्णय असा. भय कोणाचेही नसेल तोवर ते खुशाल चाखावे. त्याला शेजाऱ्याचे नाव मिळाले की ते त्याच क्षणी टाकावे. चित्रगृहात काहीही घडले तरी आपण खुर्चीवरून उठत नाही, आणि तेथे तेच योग्य असते. पण आपल्या आळीत, किंवा देवळाच्या पायरीवर बसलेल्या चार जणांत, एखाद्या विधवेविषयी “तिची दृष्ट वाईट” असे कोणी हळूच बोलले, तर तेथे प्रेक्षक होऊन बसण्याचा अधिकार आपणांपैकी कोणालाही नाही. तेथे उठावे, बोलावे, आणि त्या बाईच्या घरी दुसऱ्या दिवशी सर्वांदेखत चहाला जावे.