मळ आणि खूण

खंडेनवमीच्या दिवशी माळ्यावरची जुनी हत्यारे खाली येतात. कुणाच्या घरी वाकस, पटाशी, रंधा. कुणाच्या घरी विळा आणि कुऱ्हाड. आम्ही ती पुसतो, हळदकुंकू वाहतो, हात जोडतो आणि दसरा सरला की पुन्हा माळ्यावर ठेवतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदर व गुलबर्गा (आजचा कलबुर्गी) हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. औराद-भालकीकडे एक घर या दिवसाला खंडेनवमी म्हणते, शेजारचे घर आयुधपूजा. पाटावर मांडलेले लोखंड मात्र सारखेच. त्या लोखंडाविषयी आपले कर्तव्य कोणते, हे आम्ही क्वचितच स्वतःला विचारतो.

स्वच्छ करणे म्हणजे जुने ते सारे खरवडून काढणे नव्हे. हा विवेक बीदरच्या कारागिरांपाशी शिकावा. बिदरीचे भांडे जस्तात थोडे तांबे मिसळून ओततात, कलमाने नक्षी कोरून तीत चांदी ठोकून बसवतात आणि शेवटी जुन्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या लेपाने त्याला काळे करतात. तो काळेपणा मळ समजून कुणी घासून काढला, तर चांदी राहील, पण तिला उठाव देणारे सारे नाहीसे होईल. हत्यारांचेही तसेच आहे. गंज लोखंड खातो. तो काढलाच पाहिजे. परंतु आजोबांच्या अंगठ्याने दांड्याला पडलेला खळगा हा मळ नव्हे, ती खूण आहे. तीवर कानस चालवू नये. जवसाचे थोडे तेल मुरवावे, एवढे पुरे. ओल्या कुंकवाचा ठिपकाही पात्यावर राहिला तर गंज धरतो. म्हणून पूजेनंतर कोरड्या फडक्याने पुसणे हे पूजेचेच अंग मानावे.

कोणी म्हणेल, हत्यार वापरले तर झिजेल. खरे आहे, दर वेळी धार लावताना थोडे पोलाद जातेच. पण जो खळगा आम्ही जपू पाहतो, तोही झिजेतूनच जन्मला. न वापरता जपलेल्या हत्यारात पूर्वजांची वस्तू उरते, त्यांचे काम उरत नाही. ज्याला ते काम येत नाही, त्याने शिकावे. ते न साधले तर शिकणाऱ्या हाती द्यावे, तो हात आपल्या कुळातला नसला तरी. हे आम्हांलाही जड जाते. तरीही येत्या दसऱ्यानंतर एक तरी हत्यार माळ्यावर परत जाऊ नये, एवढा संकल्प आम्ही करू शकतो.