नाचणाऱ्यांच्या मुखी गाणे



नवरात्र जवळ आले आहे आणि आपल्या देवालयाच्या प्रांगणात यंदा कोणती गाणी लावावयाची, याची चर्चा घरोघरी सुरू झाली आहे. कोणी म्हणतात, चित्रपटांतील नाचाची गाणी देवळात नकोत. कोणी म्हणतात, ती नसतील तर तरुण मंडळी इकडे फिरकणार नाहीत. दोन्ही पक्षांचे म्हणणे मी ऐकले. परंतु कोणती गाणी, या प्रश्नाच्या आधी ती गाणार कोण, हा प्रश्न येतो असे मला वाटते. त्याविषयीच श्रीमद्भागवताच्या आधाराने चार शब्द निवेदन करावयाचे आहेत.

दशमस्कंधातील २९ ते ३३ हे पाच अध्याय रासपंचाध्यायी म्हणून प्रसिद्ध आहेत. शरदाची रात्र आहे, भगवंताची मुरली वाजते आणि गोपी हातचे काम टाकून धावत येतात. येथवर सूर सर्वस्वी भगवंताचा आहे. गोपींनी फक्त ऐकले आणि त्या आल्या. पुढे त्यांच्या मनात अभिमान उत्पन्न झाला आणि भगवंत अंतर्धान पावले. मुरलीही थांबली. तेव्हा त्या वृक्षवेलींना विचारीत रानोमाळ हिंडल्या आणि अखेरीस यमुनेच्या वाळवंटात बसून स्वतःच गाऊ लागल्या. ३१ व्या अध्यायातील १९ श्लोकांचे गोपीगीत ते हेच. ते गीत झाल्यावर, ३२ व्या अध्यायात, भगवंत पुन्हा प्रकट होतात, आणि दोन दोन गोपींमध्ये एकेक कृष्ण असा तो महारास ३३ व्या अध्यायात होतो. हा क्रम माझ्या ध्यानी फार उशिरा आला. रासाचे मंडल उभे राहिले ते गोपींच्या स्वतःच्या कंठातून सूर निघाल्यानंतर. केवळ मुरली ऐकून त्या आल्या, तेव्हा नव्हे.

आपण पिढ्यान् पिढ्या बडोद्यात राहतो, म्हणून हे आपणांस दूरचे वाटू नये. मातीच्या सच्छिद्र घटात दीप ठेवून त्याभोवती फेर धरावयाचा, तो गरबा. वल्लभ मेवाडा या भक्ताने बहुचरामातेचे गरबे रचिले. त्या बहुचराजीचे मोठे देवालय बांधविले ते गायकवाड घराण्यातील मानाजीरावांनी. येथून जवळच असलेल्या डभोईच्या दयारामाने (१७७७–१८५३) कृष्ण आणि गोपी यांच्या गरब्या रचिल्या. ही सारी गाणी फेर धरणाऱ्यांनीच म्हणावयाची. एकीने ओळ सांगावी आणि बाकीच्यांनी ती झेलावी, टाळी आपली, पाऊल आपले आणि शब्दही आपलेच. आपल्या वारकऱ्यांच्या दिंडीत तरी याहून निराळे काय असते? टाळ ज्याच्या हाती, पावली ज्याची, अभंगही त्याच्याच मुखी.

पावागडच्या कालिकेची कथा तर आपण सर्व जाणतोच. नवरात्रात देवी स्त्रीरूप घेऊन गरब्यात खेळावयास आली. चांपानेरच्या पताई राजाला ती कोण हे कळले नाही, त्याने तिचा पदर धरिला आणि तो शापास पात्र झाला, अशी लोककथा आहे. १४८४ साली चांपानेर महमूद बेगड्याच्या हाती गेले, त्याचे कारण लोक असे सांगतात. इतिहासकार याला मान देणार नाहीत. परंतु फेरात आपल्या शेजारी कोण उभे आहे हे ठाऊक नसते, एवढे सांगण्यासाठी ही कथा पुरेशी आहे.

आणि आपला भोंडला! पाटावर हत्ती काढून त्याभोवती लेकीसुना फेर धरितात. पंडितांनी या गाण्यांकडे फारसे लक्ष दिले नाही, कारण त्यांत ना छंदाची शुद्धता, ना वेदान्त. पण त्यांत ती सून आहे, जी माहेरी जाण्याची परवानगी मागते, आणि जिला सांगण्यात येते की आधी कारल्याचे बी पेर, मग त्याचा वेल होऊ दे, मग त्याला कारली लागू देत. घरात जे तिला उच्चारता येत नव्हते ते ती फेरात हसत हसत म्हणत असे, आणि सासूही त्याच फेरात असे! हे गाणे दुसऱ्या कोणी ध्वनिक्षेपकावरून म्हटले तर करमणूक होईल, पण त्या सुनेचे काम होणार नाही.

चित्रपटगीतांवर माझा रोष नाही. १९९९ साली ‘हम दिल दे चुके सनम’ या चित्रपटात गरब्याच्या ठेक्यावर जे नृत्यगीत आले, त्याने गुजरात न पाहिलेल्यांचीही पावले हलविली, माझीही हलतात. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने गुजरातच्या गरब्याला मानवजातीच्या वारशात स्थान दिले, याचाही आनंद आहे. पण अशा गाण्यापुढे आपण मुरली ऐकणाऱ्या गोपींच्या स्थितीत असतो, एवढेच.

आता स्वतःचा अपराध सांगतो. गतवर्षी गाणी लावण्याचे काम मजकडे होते. अष्टमीच्या रात्री दोन गाण्यांच्या मधल्या क्षणी चार वृद्ध स्त्रियांनी टाळ्या धरून एक जुना गरबा आरंभिला. यादीप्रमाणे पुढील गाण्याची वेळ झाली होती, म्हणून मी ते लाविले. त्यांचा सूर त्यात बुडाला. त्यांतील एक आजी माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, “बाळ, तुझे गाणे संपले की सांग हो, म्हणजे आम्ही म्हणू.” मी हसून मान डोलविली आणि त्यानंतरची सहा गाणी ओळीने लाविली. त्या पायरीवर बसून राहिल्या, आणि आरती झाल्यावर घरी गेल्या. वडिलांनी गाभाऱ्यातून हे पाहिले होते. ते मला रागावले नाहीत, दुसऱ्या दिवशी पूजेला बसताना फक्त विचारिले, “त्यांना सांगितलेस का?”

मी सांगितले नव्हते. म्हणून यंदा समितीपुढे माझी विनंती अशी आहे की घटस्थापनेपासून प्रतिदिनी आरतीपूर्वी एक तास ध्वनिक्षेपक बंद ठेवावा. त्या तासात भोंडला आणि गरबा दोन्ही व्हावेत, आणि ज्यांना गाणी येतात त्यांनी ती सांगावीत. ज्या आजींना देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत, त्यांच्या घरी वही घेऊन मी स्वतः येईन. त्यांनी फक्त वेळ कळवावी. पहिले जाणे मात्र कोणाकडे व्हावयाचे, ते मी आधीच ठरविले आहे. खिरापत ओळखावयास मुलग्यांनीही यावे; आमच्या लहानपणी आम्हांला खिरापत मिळे, पण फेरात घेत नसत.