बंद डोझरपाशी

पातं जमिनीला टेकवा, इंजिन बंद करा आणि डोझरवरून उतरा. पान्ह्यांची पेटी गाडीतच राहू द्या. चार पावलं लांब जाऊन बांधावर बसा. पान्हा हाताशी असला की हात पुढं पळतात आणि डोळे मागं राहतात. आत्ता डोळ्यांना थोडा वेळ द्यायचा आहे.

वैशाखातली सकाळ धरा, पलूसजवळचं रान धरा. उसाचा खोडवा मोडलाय, ढेकळं तापतायत, आणि रोहिण्या निघायच्या आत रानाला लेव्हल द्यायची आहे. महाराष्ट्रात डोझर म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांपुढं बीईएमएलचा डी-५० येतो. तुमच्यासमोरचा त्याच्याहून लहान आणि वयानं मोठा आहे. नावाची पट्टी घासून कोरी झालेली. दोन लिव्हर, दोन ब्रेक, आत कोरडे स्टिअरिंग क्लच, अशी जुनी रचना.

ऑपरेटर काय म्हणाला ते मनात पुन्हा ऐका. "माती ढकलताना डावीकडं ओढती, आन् उजवीकडं वळंना झालीया." एवढंच त्यानं पाहिलं. त्यापुढं जोडलेलं "उजवा क्लच गेलाय" हे त्यानं पाहिलेलं नाही, ते त्यानं ठरवलंय. एका दमात दोन्ही सांगितलं की ते एकच वाटतं. पाहिलेलं ठेवा आणि ठरवलेलं तूर्त बाजूला काढा. यात त्याचा अपमान नाही. वळताना जी लिव्हर ओढावी लागते, तिच्यावरच माणसाचा संशय जातो.

आता चेनकडं बघा. वरच्या बाजूनं, पुढच्या आयडलरपासून वरच्या रोलरपर्यंत नजर सावकाश न्या. मधे चेन थोडी झोल खाते. पुष्कळ मशीनना हा झोल साधारण २० ते ३० मिलिमीटर सांगितलेला असतो, पण तो कोरड्या जमिनीसाठी. काळ्या रानात ओल असली की चिखल स्प्रॉकेटच्या दात्यांत दाबून बसतो आणि चेन आपोआप ताणली जाते. म्हणून जाणता माणूस चिकट रानात चेन जरा सैलच ठेवतो. ताणलेली चेन दिसायला नीटस दिसते आणि आतून पिन-बुश खात बसते.

दात्यांवर नजर ठेवा. नवा दाता दोन्ही अंगांनी सारखा असतो. जुना एका अंगानं खाल्लेला आणि टोकाला वाकलेला दिसतो. तो तसा झाला कारण चेनच लांबली. प्रत्येक जोडातली पिन आणि बुश थोडी थोडी झिजत गेली, कड्याकड्यातलं अंतर वाढलं, आणि बुश आता दात्यांमधल्या खोलगटात न बसता दात्यावर चढू पाहते. अशा चेनवर नुसता नवा स्प्रॉकेट चढवला तर तोही लवकरच तसाच होईल. खराब दिसतोय दाता, झीज मात्र त्याच्या बाहेर, चेनमध्ये सुरू झाली. ही गोष्ट मनात राहू द्या.

जरा थांबा. या चेनचं मूळ काम काय आहे तेही आठवू. अकरा-बारा टनांचा डोझर जमिनीवर चौरस सेंटीमीटरला अर्ध्या किलोच्या आसपासच भार टाकतो. मोटारीच्या चाकाखाली त्याच्या कैक पट असतो. १९०४ मध्ये कॅलिफोर्नियात स्टॉकटनजवळच्या भुसभुशीत पाणथळ मातीत बेंजामिन होल्टनं वाफेच्या ट्रॅक्टरची चाकं काढून त्या जागी लाकडी पट्ट्यांची चेन बसवली, ती याचसाठी. चाकं मातीत रुतत होती. समोरचं पातं फार नंतर आलं. १९२३ मध्ये कॅन्ससमध्ये कमिंग्ज आणि मॅक्लिऑड या दोघांनी तेलवाहिनीचे चर बुजवायला ते केलं. चेन जमिनीला न दुखवता चालण्यासाठी होती, पातं जमीन ढकलण्यासाठी, आणि दोन्ही एकाच गाडीत आली. मला यात थोडा विनोद दिसतो, पण तो असो.

आता डोळे मिटलेत तरी चालेल. इंजिनपासून मागं चाला. क्लच, गिअरबॉक्स, मग आडव्या शाफ्टवरचं मोठं बेव्हल गिअर. इथं ताकद दोन हातांत वाटली जाते. डावीकडं एक क्लच, उजवीकडं एक क्लच, त्यापुढं दोन्ही बाजूंना फायनल ड्राइव्ह आणि स्प्रॉकेट. उजवी लिव्हर ओढली की उजवा क्लच सुटतो, उजवी चेन मोकळी होते, आणि सगळा भार डाव्या चेनवर येतो. तीच गाडीला उजवीकडं वळवते. लिव्हर उजवी, पण वळवते डावी.

इथं थोडं रेंगाळा. डावा क्लच घसरत असेल तर काय होईल? सरळ जाताना डाव्या चेनला ताकद कमी पडेल, गाडी डावीकडं ओढेल. उजवी लिव्हर ओढली तर वळवायचं काम त्याच कमजोर डाव्या बाजूवर येईल, आणि गाडी वळणार नाही. ऑपरेटरनं सांगितलेल्या दोन्ही तक्रारी एका जागी येऊन मिळाल्या. उजव्या लिव्हरचा काही गुन्हा नाही.

अशा गाड्यांची उतारावर आणखी एक गंमत असते. उतारानं गाडी आपल्या वजनानं पुढं सरकत असेल आणि इंजिन तिला आवरत असेल, तेव्हा ब्रेक न दाबता नुसती डावी लिव्हर ओढली तर ती उजवीकडं वळते. सुटलेली डावी चेन मोकळी पळते, आवरून धरलेली उजवी मागं राहते. सपाट रानात शिकलेला माणूस पहिल्यांदा बंधाऱ्यावरून उतरताना इथं घाबरतो, आणि घाबरून तीच लिव्हर आणखी ओढतो. लिव्हर दोन्ही वेळा तीच असते, ओढणं तेच असतं. बदलतं एवढंच की कोण कुणाला ढकलतंय, इंजिन गाडीला की गाडी इंजिनाला.

आता उठा. पेटीतून एकच पान्हा काढा. डाव्या क्लचच्या घराखाली एक बोल्ट असतो, तो उघडा. कोरड्या क्लचच्या घरातून काही यायला नको. काळपट तेल आलं, तर घसरण का होते ते कळलं. प्लेटा तेलानं माखल्यात. पुष्कळजण इथं थांबतात आणि लगेच प्लेटा मागवतात. तुम्ही अजून एक पाऊल मागं जा. तेल आलं कुठून? पलीकडच्या बेव्हल गिअरच्या घरातून, मधल्या सीलवरून. सील वयानंही कडक होतं, पण ते एकटंच दोषी आहे असं लगेच धरू नका. अजून एक पाऊल. त्या घराच्या वर कुठंतरी हवेची वाट असते, छोट्या टोपीखाली. तेल तापलं की आतली हवा फुगते आणि तिथून बाहेर पडते. ती टोपी बोटानं चाचपा. मातीचा आणि ग्रीसचा घट्ट थर बसला असेल, तर हवेनं दुसरी वाट शोधली. सगळ्यात मऊ जागा सीलची, तिथून ती तेल घेऊन बाहेर पडली.

उजव्या लिव्हरपासून या टोपीपर्यंत किती आलात ते बघा. अजून एकही मोठा भाग उघडलेला नाही.

नजर आता गाडीवरून काढून रानावर न्या. कृष्णाकाठी क्षारपड रानं पुष्कळ आहेत. वर पांढरी खार दिसते, ऊस पिवळा पडतो, आणि शेतकरी मातीला नावं ठेवतो. मिठाचा थर वर दिसतो, पण त्याला वर आणणारं पाणी खाली साठलेलं असतं. भरमसाठ पाणी दिलं, पातळी वर आली, उन्हानं पाणी उडून गेलं आणि मीठ मागं राहिलं. त्या पाण्याला पूर्वी वाट होती. दोन रानांमधून एखादा ओघळ ओढ्याकडं जायचा. लेव्हल देताना तो ओघळ बुजतो. चार गुंठे रान जास्त मिळतं. पाणी मात्र टोपी बुजलेल्या हवेसारखं दुसरीकडं निघतं. ओघळ बुजवलेला असतो तो याच पात्यानं.

लोखंड आणि माती यांच्या भानगडी जुन्या आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते असं शेतकरी म्हणत, आणि पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ निवडुंगानं भरलेला माळ दिला, आणि १९१० मध्ये तिथं, आजच्या याच पलूस तालुक्यात, किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या शेतकऱ्यांना हसायची घाई करू नये. त्यांचं कारण चुकलं होतं, पण अवजारानं रानाचं काहीतरी होऊ शकतं ही शंका तेवढी चुकीची नव्हती.

परत गाडीकडं. आता कामाचं ठरवायचं. सगळं एकदम उघडायचं नाही.

हवेची टोपी आजच धुवून मोकळी करा. क्लचच्या घरात रॉकेल-डिझेलचं मिश्रण भरून, भार न घालता, न वळवता गाडी काही मिनिटं पुढंमागं चालवायची आणि गरम असतानाच सोडायचं, ही जुनी रीत आहे. प्लेटा शाबूत असतील तर पुष्कळदा पकड परत येते. बोल्ट लगेच लावू नका, आतलं सुकू द्या, आणि आसपास कुणाला विडी पेटवू देऊ नका. पुन्हा तेल उतरतंय का ते दोन दिवसांनी बघा. उतरलं तर सील बदलायला पर्याय नाही, मग मागचा भाग उघडायचाच. चेन सैल करायची असेल तर ग्रीसचा व्हॉल्व्ह एका फेऱ्याहून जास्त फिरवू नका आणि तोंड त्याच्यासमोर आणू नका. आत दाबलेलं ग्रीस गोळीसारखं सुटतं. दात्यांची टोकं वाकलीत, पण चेन उतरत नाही. तो खर्च पुढच्या उन्हाळ्यावर गेला तरी चालेल.

आणि काम सुरू करायच्या आधी मालकाला रानाच्या खालच्या अंगाला घेऊन जा. ओघळ मधे ठेवून दोन्ही बाजूंना वेगवेगळी लेव्हल द्यायची तर गाडीला जास्त फेऱ्या लागतात, डिझेल जास्त जळतं, तासाचा हिशेब वाढतो. ते पैसे किती होतील ते त्याला आत्ताच सांगा, आणि ओघळ ठेवायचा की नाही हे त्याच्या तोंडून ऐकल्यावरच पातं खाली सोडा.